उडीचे बटण गेले कुठे?

१९९० च्या दशकात आपल्याकडे अनेक घरांत दूरचित्रवाणी संचाला जोडायचे एक खेळयंत्र असे. औरंगाबादेत, म्हणजे आजच्या छत्रपती संभाजीनगरातही, ते मुलांच्या ओळखीचे होते. जपानच्या निंटेंडो कंपनीने १९८३ साली काढलेल्या यंत्राच्या त्या बहुधा नकला असत. मूळ यंत्राचे उत्पादन केव्हाच थांबले. पण त्याचे खेळ आजच्या संगणकावर चालतात. जुन्या यंत्राचे हुबेहूब सोंग घेणाऱ्या आज्ञावलीला एम्युलेटर म्हणतात. (खेळाची प्रत मात्र हक्काची किंवा मुक्त असावी.)

त्या यंत्राच्या कंट्रोलरवर ८ बटणे होती. कोणते बटण दाबले आहे, हे यंत्र सेकंदाला साधारण ५० ते ६० वेळा विचारी. उत्तर एकाच तारेतून, एकामागून एक, ८ संकेतांत येई. त्यांचा क्रम ठरलेला असे : ए, बी, सिलेक्ट, स्टार्ट, वर, खाली, डावे, उजवे.

आजचा यूएसबी कंट्रोलर 'बटण क्रमांक २ दाबले' एवढेच सांगतो. आता क्रमांक २ म्हणजे उडी की गोळी? ते कंट्रोलरच्या घडणीवर अवलंबून! म्हणून एम्युलेटरला क्रमांकांचा तक्ता द्यावा लागतो. नामांकित कंट्रोलरांचे तक्ते त्यात पुष्कळदा आधीच असतात, स्वस्तातल्यांचे नसतात. मग उडी मारायला जावे, तर खेळच थांबतो.

दर वेळी तक्ता हाताने बदलण्यापेक्षा हे काम स्क्रिप्टवर सोपवावे. स्क्रिप्ट म्हणजे साध्या फाईलमध्ये ओळीने लिहिलेल्या आज्ञा. कोणता कंट्रोलर जोडला आहे ते पाहा. त्याचा तक्ता एम्युलेटरला दे. कंट्रोलर नसेल तर कळफलकाचा तक्ता दे. मगच खेळ सुरू कर. झाले!

खरी मेख पहिल्याच आज्ञेत आहे. लिनक्स प्रणालीत आधी सापडलेल्या कंट्रोलरला ०, पुढच्याला १ असे क्रमांक मिळतात. त्यांवर विसंबणे म्हणजे बाकांच्या क्रमाने हजेरी घेण्यासारखे आहे. मुलांनी जागा बदलल्या, की गोंधळ! सुदैवाने प्रत्येक यूएसबी उपकरण स्वतःबद्दल दोन क्रमांक सांगते : एक उत्पादकाचा, दुसरा नमुन्याचा. प्रत्येक १६ बिटांचा. स्क्रिप्टने हेच वाचावेत. दोन कंट्रोलर अगदी एकाच नमुन्याचे असतील, तर मात्र हेही क्रमांक सारखेच येतात. तेव्हा कोणता कोणत्या खाचेत बसवला आहे ते पाहावे लागते.

तक्ता माणसागणिकही बदलता येतो. एखाद्याचा उजवा अंगठा नीट वळत नसेल, तर उडी डाव्या तर्जनीखालच्या बटणावर आणता येते. त्याच्या नावाची स्क्रिप्ट चालवली, की त्याला कोणाला काही सांगावे लागत नाही.

तुमच्याकडे दोन निरनिराळे कंट्रोलर असतील, तर ते आधी एका क्रमाने आणि मग उलट क्रमाने जोडा. कोणते क्रमांक बदलले आणि कोणते तेच राहिले, ते वहीत टिपा.