चौकटीशिवायची गोष्ट

डहाणूकडच्या सायवनच्या पोरांच्या मोबाईलवर आता मंगा, म्हणजे जपानी चित्रकथा, पोचलाय, आणि त्याच्याबरोबर काही पक्क्या समजुतीही. पहिली म्हणजे, मंगा होकुसाई या जुन्या चित्रकारानं शोधला. त्याचा 'होकुसाई मंगा' १८१४ पासून निघू लागला हे खरं, पण त्यात सलग गोष्ट नाही. माणसं, पाखरं, पाणी, पैलवान यांची ती सुटी चित्रं, शिकणाऱ्यांनी गिरवावीत म्हणून काढलेली. चौकटीचौकटीतली गोष्ट जपानात रुजली ती पाश्चात्त्य वृत्तपत्रांतली चित्रं पाहून. दुसऱ्या महायुद्धानंतर मंगाकार ओसामू तेझुकानं तिला सिनेमाचा वेग दिला, आणि डिस्नेवर त्याचा भारी जीव होता.

मग जुन्या चित्रांचं देणं काहीच नाही का? आहे. क्योतोच्या कोझानजी मंदिराची 'चोजू-गिगा' ही बाराव्या-तेराव्या शतकातली चित्रगुंडाळी बघा. बेडूक सशाला कुस्तीत उताणा पाडतो. माकड भटजी होऊन पोथी म्हणतं आणि त्याच्या तोंडातून बारीक रेघा निघतात, त्या आवाजाच्या! गुंडाळी उलगडते उजवीकडून डावीकडे. मंगाची पानंही तशीच उलटतात, कारण उभ्या ओळींतलं जपानी उजवीकडूनच वाचतात. उलटी वाटली तरी छपाई चुकलेली नसते.

चौकट नाही म्हणजे गोष्ट नाही, ही समजूत मला जास्त सलते, कारण तिच्यामुळेच आपली वारली चित्रं नुसती नक्षी ठरतात. लग्नात सवाशिणी गेरूच्या भिंतीवर तांदळाच्या पिठानं चौक लिहितात, लग्न लावणारी धवलेरी गाणी म्हणते, चौकात पालघट देवी असते. तो विधी आहे, सजावट नाही. तारपा या फुंकून वाजवायच्या वाद्यावरचा नाच चित्रात पाहा. टोकाला टोक लावलेले दोन त्रिकोण म्हणजे माणूस. त्याला ना डोळे ना ओठ, पण कंबर किती कलली यावरून पाय उचललेला कळतो. नाचणाऱ्यांच्या वेटोळ्याच्या कडेवरून नजर आत जाते आणि तारपावाल्यापाशी थांबते. ही वाचायचीच रीत झाली.

आणि डहाणूचा जपानशी काय संबंध, असं विचारणाऱ्यांना गंजाडचे वारली चित्रकार जिव्या सोमा मशे यांचं नाव सांगावं. १९७० च्या दशकात त्यांनी वारली चित्र भिंतीवरून कागदावर आणि कापडावर नेलं, २०११ साली त्यांना पद्मश्री मिळाली. जपानच्या निईगाता प्रांतात तोकामाचीला, बंद पडलेल्या शाळेच्या इमारतीत मिथिला म्युझियम आहे. तिथं राहून मशे यांच्यासह वारली चित्रकारांनी चित्रं काढली. ती तिथं जपून ठेवली आहेत.