झाकलेल्या सोन्याचा कस

जुना दागिना मोडीत काढायला नेला, की सराफ आधी तो कसोटीवर घासतो. मग वजन होते, घट धरली जाते, घडणावळ बुडते आणि उरलेला भाव हातात पडतो. त्या डागाबरोबर कुणाचे लग्न गेले, कुणाचे डोहाळजेवण गेले, याला पावतीवर रकाना नसतो. ओटो क्युन्झली या स्विस कलावंताने आपले बरेचसे काम त्या नसलेल्या रकान्यासाठी केले.

क्युन्झली यांचा जन्म १९४८चा, झुरिकचा. तिथले शिक्षण आटोपून ते म्युनिकच्या कला अकादमीत हेर्मान युंगर यांच्या हाताखाली शिकले. १९९१मध्ये गुरूंच्याच जागी प्राध्यापक झाले आणि २०१४पर्यंत शिकवत राहिले. वाट आधीच्या मंडळींनी मोकळी केली होती. नेदरलँड्समध्ये खेइस बाक्कर आणि एमी फान लेर्सुम यांनी साठच्या दशकात ॲल्युमिनियमचे भलेमोठे गळपट्टे घडवले होते. किमती धातूवाचून दागिना होतो, हे तेव्हाच ठरले. क्युन्झलींचा प्रश्न अधिक खोचक होता: सोने आहे, पण दिसतच नाही, तर?

‘सोने आंधळे करते’ ही १९८०ची बांगडी म्हणजे काळ्या रबरी नळीचे साधे कडे. एका ठिकाणी गोटीएवढा फुगवटा. आत सोन्याची गोळी आहे, असे कलावंत सांगतो. आपण मान्य करायचे. त्याच वर्षी त्यांनी दोन माणसांसाठी एकच अंगठी केली. सरळ दांडीच्या दोन टोकांना दोन कडी. घालणाऱ्या दोघांना जवळ येता येत नाही आणि लांबही जाता येत नाही. संसारावरचे इतके नेमके भाष्य सोनारकामात क्वचितच झाले असेल.

१९८४च्या छायाचित्रमालिकेत बायकांच्या गळ्यात सोनेरी चौकटी आहेत. बव्हेरियाचा राजा लुडविग पहिला याने सुंदर स्त्रियांची ३६ चित्रे जमवली होती, त्या दालनाला हा चिमटा. मला मात्र ही मालिका थोडी उथळ वाटते. विनोद लगेच कळतो आणि कळला की संपतो.

‘साखळी’चे तसे नाही. १९८५-८६मध्ये त्यांनी लोकांनी वापरलेल्या लग्नाच्या ४८ अंगठ्या मिळवल्या आणि एकीत एक ओवून गळ्यातली साखळी केली. आटवल्या नाहीत, उजळल्याही नाहीत. दुरून पाहणाऱ्याला ती ठसठशीत सोनसाखळी वाटते. जवळ गेले, की झिजलेल्या कडा दिसतात. यातले कोण विधवा झाले, कोण विभक्त, कुणाला फक्त पैसे हवे होते? ती गळ्यात घालायला हात धजत नाही. मोडीत वजा होते तेवढेच इथे शिल्लक ठेवले आहे.

२०१३मध्ये म्युनिकच्या ‘डी नॉये झामलुंग’ने त्यांचे मोठे सिंहावलोकनी प्रदर्शन भरवले. पण माझ्या मनात घोळते ती काळी बांगडीच. तिचा कस बघायचा तर रबर कापावे लागेल. सोने खरे ठरेल आणि दागिना मोडीत निघेल.