भाजावळ आणि मातीतील जीवसृष्टी

फाल्गुन सरता सरता रत्नागिरी जिल्ह्यातील डोंगरउतारांच्या पायथ्याशी धूर निघू लागतो. भाताच्या रोपांसाठी राखलेल्या दाढीवर शेण, ऐन-किंजळाचे कवळ, गवत व पातेरा यांचे थर रचून, वर माती पसरून ते पेटविण्याची ही भाजावळ पिढ्यान्‌पिढ्यांच्या वहिवाटीने चालत आली असली, तरी तिला निव्वळ अडाणीपणा म्हणणे अन्यायाचे होईल. कारण पुण्याच्या कृषी महाविद्यालयाचे प्राचार्य डॉ. हॅरॉल्ड मॅन यांना जोशी व कानिटकर या सहकाऱ्यांसमवेत तिच्यावर १९१२ साली स्वतंत्र प्रबंध प्रसिद्ध करावासा वाटला, इतके तिच्यात अभ्यासण्याजोगे होते.

आगीने तणाचे बी जळते, हे रयतेला ठाऊकच आहे. परंतु त्याच धगीने वरच्या थरातील असंख्य सूक्ष्मजीव मरतात, त्यांच्या देहांतील नत्र मोकळे होते, आणि बीजाणूंच्या रूपाने जे जंतू ती उष्णता सोसून तग धरतात, ते पहिल्या पावसाबरोबर झपाट्याने वाढून त्या नत्राचा अमोनिया करतात, म्हणून भाजलेल्या दाढीतला तरवा जोमदार दिसतो. इंग्लंडात रॉथमस्टेड येथे रसेल व हचिन्सन यांनी तापविलेल्या मातीत १९०९ साली असाच परिणाम नोंदविला होता.

मात्र हा लाभ दाढीपुरता, आणि दाढ म्हणजे लावणीच्या क्षेत्राचा सुमारे दशांश. तिच्यासाठी जो पाला जळतो तो वरकस जमिनीचा व रानाचा असतो. आणि जांभ्यापासून झालेल्या, दरसाल तीन हजार मिलिमीटरांहून अधिक पाऊस झेलणाऱ्या आम्लधर्मी मातीत अन्नद्रव्ये धरून ठेवण्याचे सामर्थ्य मुख्यतः कुजलेल्या पाल्यातच असल्याने, तो नेला म्हणजे बुरशी, वाळवी व गांडुळे यांचा आहारच हिरावला जातो, त्यातील नत्र धुरासंगे जाते आणि राखही पुष्कळशी पहिल्या सरींत वाहून जाते. आंब्याच्या मुळांशी सहजीवनाने राहून त्यांना स्फुरद पुरविणारी कवके याच पाल्याच्या आश्रयाने नांदतात, हे बागेतला पातेरा झाडून जाळताना आपण विसरतो.

भाजावळ सोडल्यास बेणणीची मजुरी वाढते, ही अडचण खरी आहे. तेव्हा ज्यांना दाढ भाजल्यावाचून गत्यंतर नाही त्यांनी ती भाजावी. पण चिखलणीत बांधावरच्या गिरिपुष्पाचा पाला गाडावा, भातानंतरच्या ओलीवर कुळीथ पेरावा, आणि हापूसच्या बागेतला पातेरा तरी, निदान यंदापासून, झाडाच्या आळ्यातच कुजू द्यावा.