सूरसागरकाठची गायनशाळा

बडोद्यात सूरसागर तलावासमोर उभ्या असलेल्या संगीत महाविद्यालयाचा जन्म 1886 चा. विष्णु दिगंबर पलुस्करांनी लाहोरला गांधर्व महाविद्यालय काढले ते 1901 मध्ये, आणि विष्णु नारायण भातखंड्यांच्या प्रयत्नांतून लखनौचे मॅरिस कॉलेज उभे राहिले ते 1926 मध्ये. संगीतशिक्षणाचा इतिहास सांगताना आपण बहुधा या दोन विष्णूंपासून सुरुवात करतो. पण त्यांच्या आधी बडोदे संस्थानाच्या खर्चाने एक गायनशाळा चालू झाली होती, आणि तिचे दार घराण्याबाहेरच्या मुलांसाठी उघडे होते. आज ती महाराजा सयाजीराव विद्यापीठाची परफॉर्मिंग आर्ट्‌स विद्याशाखा आहे. तिचे खरे काम कोणते, असे विचारले तर तिथून निघालेल्या नामवंतांची यादी मी पुढे करणार नाही. गाणे शिकण्याचा हक्क साध्या नागरिकाला आहे, ही गोष्ट तिने या देशात फार लवकर मान्य केली. तिची खरी कमाई ती.

नाशिक जिल्ह्यातल्या कवळाण्याचा गोपाळ 1875 मध्ये दत्तक जाऊन सयाजीराव गायकवाड झाला. 1881 च्या अखेरीस राज्यकारभार हाती आला आणि पाचच वर्षांनी गायनशाळा निघाली. पुढे 1893 मध्ये अमरेलीत सक्तीच्या प्राथमिक शिक्षणाचा प्रयोग झाला आणि 1906 मध्ये तो संस्थानभर लागू झाला. या दोन घटना वेगळ्या खात्यांतल्या वाटल्या, तरी विचार एकच होता. अक्षर असो वा स्वर, तो शाळेत मिळाला पाहिजे.

शाळा उभी करायला माणूस मिळाला तो मौलाबक्ष. मूळ नाव चोळे खाँ, जन्म 1833 चा. उत्तरेत गाणे कमावून हा माणूस म्हैसूरला गेला आणि तिथे कर्नाटक संगीतही शिकला. दोन्ही पद्धती जाणणारा गवई त्या काळात विरळाच. त्याच्याहून विरळा गुण म्हणजे गाणे कागदावर उतरवण्याची त्याची तयारी. गंडा बांधल्याशिवाय चीज द्यायची नाही आणि दिली तरी अर्धी हातची राखायची, असा तो जमाना. मौलाबक्षांनी स्वतःची स्वरलिपी बसवली आणि तिच्या आधाराने पाठ्यपुस्तके छापली. छापलेली चीज कोणाच्याही हाती जाते, हे त्यांना कळत नव्हते असे नाही. कळूनच त्यांनी ते केले. पोटापाण्याची विद्या अशी चव्हाट्यावर मांडायला मोठे धाडस लागते. त्यांचे चिरंजीव अल्लाउद्दीन पठाण लंडनला जाऊन पाश्चात्त्य संगीत शिकून आले. नातू इनायत खाँ 1910 मध्ये अमेरिकेला निघाले आणि सुफी विचारांचे प्रवर्तक म्हणून जगभर ओळखले गेले.

गायनशाळेच्या शेजारीच दरबाराचे कलावंत खाते होते, आणि त्याचे नियम मराठीत छापलेले होते. गवई, बीनकार, नर्तकी, सारे त्या खात्याच्या दप्तरात नोकर म्हणून नोंदलेले. हजेरी, रजा, वेतन सगळे ठरलेले. कोणाला यात कलेचा अपमान दिसेल. मला तसे वाटत नाही. मर्जीवर मिळणाऱ्या बिदागीपेक्षा ठरलेले वेतन बरे, विशेषतः ज्यांना समाज नावे ठेवत होता त्यांच्यासाठी. मात्र शिस्त लावणाऱ्या या कारभारात उस्तादांचा जीव घुसमटला असणार, हेही खरेच. अब्दुल करीम खाँ याच दरबारातले. माने सरदारांच्या घरातल्या ताराबाईंसह ते बडोदे सोडून गेले. त्यांची मुलगी हिराबाई पुढे नावापुढे ‘बडोदेकर’ लावून महाराष्ट्रभर गाजली.

1916 मध्ये भातखंड्यांनी पहिली अखिल भारतीय संगीत परिषद भरवली ती बडोद्यातच, सयाजीरावांच्या आश्रयाने. स्वरलिपी, श्रुती, राष्ट्रीय संगीत अकादमी असे विषय तिथे चर्चेला आले. पुढे भातखंड्यांचे शिष्य श्रीकृष्ण नारायण रातंजनकर शिष्यवृत्तीवर बडोद्याला आले आणि दरबारगायक फैयाज खाँसाहेबांकडे शिकले. एका बाजूला शास्त्र मांडणाऱ्यांची परंपरा, दुसऱ्या बाजूला आग्रा घराण्याची दरबारी गायकी. त्या दोहोंची गाठ या गावात पडली.

नृत्याची कथा मात्र सरळ नाही, आणि तिथे थांबावेच लागते. 1880 मध्ये सयाजीरावांचा विवाह तंजावरच्या लक्ष्मीबाईंशी झाला. त्या पहिल्या चिमणाबाई. तंजावरच्या भोसल्यांनी कर्नाटक संगीताला आणि सदिर नाचाला, म्हणजे भरतनाट्यमच्या पूर्वरूपाला, किती मोठा आधार दिला, हे मराठी वाचकाला सांगायला हवे. सरफोजीराजांनी नाचासाठी मराठीत रचना केल्या. ‘कोर्व्यांच्या साहित्याचे जिन्नस’ हे त्यांपैकी एका संग्रहाचे नाव. नृत्याचा आजचा क्रम ज्यांनी घालून दिला ते चिन्नय्या, पोन्नय्या, शिवानंदम आणि वडिवेलू हे चौघे भाऊ त्यांच्याच दरबारात वाढले. ती परंपरा आंदण म्हणून बडोद्याला आली. आंदणात माणसे होती. गौरा आणि कांतिमती या नर्तकी, त्यांचे नट्टुवनार म्हणजे नृत्यगुरू, मृदंग वाजवणारे. त्यांचा नाच दरबारात आणि पाहुण्यांसमोर होई. गावात तो ‘तंजोरी नाच’ म्हणून ओळखला जाई.

1939 मध्ये सयाजीराव गेले आणि दरबाराचा हा आश्रय आटला. 1949 मध्ये विद्यापीठ स्थापन झाले. पहिल्या कुलगुरू हंसाबेन मेहता. जुनी गायनशाळा विद्यापीठात आली आणि तिला नृत्य-नाट्याची जोड मिळाली. भरतनाट्यम शिकवायला नेमले गेले कुबेरनाथ तंजोरकर, कांतिमतींचे चिरंजीव. ज्या नाचाला दरबारात ‘नाचणारणींचा’ म्हणत, तो मध्यमवर्गीय घरांतल्या मुली विद्यापीठात पदवीसाठी शिकू लागल्या. नंतर सी. व्ही. चंद्रशेखर आले. ते चेन्नईच्या कलाक्षेत्रात रुक्मिणीदेवींच्या हाताखाली घडलेले. त्यांनी इथे दीर्घकाळ शिकवले आणि अधिष्ठाता म्हणून काम पाहिले. एकाच विभागात दोन धारा आल्या. एक तंजावरच्या घराण्यांतून उतरलेली, दुसरी त्याच नाचाला नवे वळण देऊन सभागृहात आणलेली.

संगीत आणि वाद्य विभागांचे सांगायचे तर अजराडा घराण्याचे सुधीरकुमार सक्सेना यांचा तबला आणि संगीतशास्त्रज्ञ आर. सी. मेहता यांचे प्राचार्यपद, एवढा उल्लेख पुरेसा आहे. त्यांच्यामुळे तालीम आणि शास्त्र दोन्ही एका छताखाली राहिले. उस्तादाच्या मुलाला बाप सोडून दुसरा गुरू मिळू शकतो आणि कारकुनाच्या मुलाला गुरू मिळू शकतो, हे त्या छताखालीच शक्य होते.

माझी एक अपेक्षा आहे, आणि ती मी आग्रहाने मांडतो. कांतिमती आणि गौरा यांनी जन्मभर केलेले काम विद्यापीठाच्या अभ्यासक्रमात वारशाचा पहिला पाठ म्हणून यावे. नट्टुवनारांची नावे पुस्तकांत येतात, मुलाचे नाव येते, बायांची नावे मात्र दरबाराच्या छायाचित्रांखाली राहतात. कलावंत खात्याच्या जुन्या कागदांतून त्यांची हजेरी, वेतन, त्यांनी नाचलेल्या वर्णम-रचना शोधून काढता येतील. ते कागद मराठीत, मोडी लिपीत आहेत. मोडी वाचू शकणारे लोक आज बडोद्यातही कमी होत चालले आहेत, म्हणून हे काम पुढच्या पिढीवर सोडता येणार नाही.