विश्लेषण : टपालात हरवलेल्या दुर्मीळ नाण्याची भरपाई किती मिळते?

ब्रिटिशकालीन दोन रुपये शेजारी ठेवले. दोन्हींवर सहावा जॉर्ज, दोन्हींचे वजन ११.६६ ग्रॅम. एकावर साल आहे १९४०. असा रुपया कोणत्याही नाणे प्रदर्शनात सहज मिळतो. दुसऱ्यावर १९३९, तो मिळवण्यासाठी संग्राहक वर्षानुवर्षे थांबतात आणि लिलावात त्याच्यासाठी चढाओढ होते. पार्सलच्या पावतीवर मात्र दोन्हींची नोंद सारखीच होते : ‘एक नाणे’. पार्सल पोहोचले तर या नोंदीने काही बिघडत नाही. हरवले, तर सगळा प्रश्न तिथूनच सुरू होतो.

नाण्यांचा व्यवहार आता दुकानाच्या काउंटरपुरता राहिलेला नाही. ऑनलाइन लिलाव आणि व्हॉट्सॲप ग्रुपवर सौदा ठरतो, पैसे मिनिटात जातात आणि नाणे कोल्हापूरहून कोलकात्याला जायला निघते. आजोबांचा संग्रह विकायला काढलेले कुटुंबही आता याच वाटेने जाते. अशा पार्सलची जबाबदारी कोणावर असते, किती असते आणि विमा नेमका कशाचा उतरतो?

टपाल खात्यात काय बदलले?

जुन्या संग्राहकांचा भरवसा रजिस्टर्ड पोस्टावर होता. २०२५ मध्ये ही सेवा स्पीड पोस्टात विलीन झाली. ऑक्टोबर २०२५ पासून लागू झालेल्या नव्या दरांमध्ये ‘रजिस्ट्रेशन’ ही स्पीड पोस्टची जोडसेवा आहे. पाच रुपये आणि त्यावरील जीएसटी भरला की वस्तू फक्त ज्याच्या नावावर आहे त्याच्याच, किंवा त्याने अधिकार दिलेल्या व्यक्तीच्या हाती दिली जाते. ओटीपी सांगितल्यावरच वस्तू ताब्यात देण्याची सोयही पाच रुपयांतच आहे.

ही जोडसेवा घेतली नाही तर स्पीड पोस्ट ‘पत्त्यावर’ पोहोचवले जाते, व्यक्तीच्या हाती नव्हे. सोसायटीच्या वॉचमनने किंवा शेजारच्या काकूंनी पार्सल घेतले, तरी टपाल खात्याच्या दृष्टीने ते पोहोचले. वीज बिलाच्या बाबतीत यात काही वावगे नाही. सोन्याच्या मोहरेच्या बाबतीत हे दहा रुपये वाचवण्यात अर्थ नाही.

रजिस्ट्रेशन म्हणजे विमा का?

नाही, आणि सर्वाधिक गैरसमज इथेच आहे. रजिस्ट्रेशन, ओटीपी आणि ट्रॅकिंग या वस्तू कुठे आहे आणि कोणाला दिली हे सांगणाऱ्या सोयी आहेत. वस्तू गेली तर पैसे किती मिळणार, याच्याशी त्यांचा संबंध नाही. कायद्याने टपाल खात्याची जबाबदारी मुळातच मर्यादित आहे. १८९८च्या कायद्याच्या कलम ६ मध्ये ती सूट होती. २०२३च्या नव्या टपाल कायद्यातही, नियमांत जेवढी ठरवून दिली असेल तेवढीच जबाबदारी खाते घेते. विमा न उतरवलेले स्पीड पोस्ट हरवले तर भरलेल्या शुल्काच्या दुप्पट किंवा एक हजार रुपये, यांपैकी जी रक्कम कमी असेल ती द्यायची, असा खात्याचा आजवरचा शिरस्ता आहे. म्हणजे साठ रुपयांत पाठवलेल्या नाण्याचे १२० रुपये. ते नाणे १९३९चे असो की १९४०चे.

पोस्टाचा स्वतःचा विमाही आहे, पण त्याला आजवर एक लाख रुपयांची कमाल मर्यादा राहिली आहे. खेड्यातल्या शाखा डाकघरात बुक होणाऱ्या किंवा तिथे पोहोचवायच्या वस्तूंसाठी तर ही मर्यादा अवघी ६०० रुपये होती. नवी नियमावली आल्यानंतर दर आणि मर्यादा बदलत आहेत, तेव्हा त्या दिवशीचा आकडा खिडकीवर विचारूनच घ्यावा. मोठे नाणे पाठवायचे किंवा मागवायचे असेल तर तालुक्याच्या मुख्य पोस्टात चक्कर मारणे बरे.

या विमा सेवेचा जुना नियम वाचण्यासारखा आहे. विमा उतरवलेल्या पाकिटाच्या सांध्यांवर लाखेची मोहोर लावावी लागते. सगळ्या मोहरा एकाच लाखेच्या आणि एकाच खासगी छापाच्या हव्यात. त्यासाठी चलनातल्या नाण्याचा ठसा वापरायचा नाही. कारण उघड आहे, तसे नाणे प्रत्येकाच्या खिशात असते आणि पाकीट फोडून पुन्हा तीच मोहोर उठवता येते. नुसत्या आडव्याउभ्या रेघांचा छापही चालत नाही. शिवाय पाकिटाचे वजन नोंदले जाते. वाटेत ११ ग्रॅमचा रुपया काढून घेतला तर पाकीट हलके होते आणि काट्यावर कळते. संगणकाच्या काळात लाख वितळवत बसणे जुनाट वाटेल, पण पार्सल कुणी उघडले का, हे बारकोड सांगत नाही. मोहोर आणि वजन सांगतात.

‘होप’ हिऱ्याचा हिशेब

जवाहिरे हॅरी विन्स्टन यांनी नोव्हेंबर १९५८ मध्ये जगप्रसिद्ध ‘होप’ हिरा न्यूयॉर्कहून वॉशिंग्टनच्या स्मिथसोनियन संग्रहालयाला चक्क साध्या तपकिरी कागदात गुंडाळून रजिस्टर्ड टपालाने पाठवला. एकूण खर्च आला १४५ डॉलर २९ सेंट. त्यातले टपालहशील होते २ डॉलर ४४ सेंट. बाकीचे सगळे पैसे १० लाख डॉलरच्या विम्यासाठी होते. मूळचा भारतातला हा हिरा १० नोव्हेंबरला पोस्टमनने सुखरूप पोहोचवला. अमेरिकेतल्या रजिस्टर्ड टपालाला आजही ५० हजार डॉलरपर्यंत विमा मिळतो आणि तिकडचे अनेक नाणे विक्रेते हीच सेवा पसंत करतात. आपल्याकडे इतक्या किमतीचा टपाल विमा नसल्याने गाडी कुरिअरकडे वळते.

कुरिअर कंपनी किती देणे लागते?

बहुतेक मोठ्या कुरिअर कंपन्यांच्या वर्ज्य किंवा निर्बंधित वस्तूंच्या यादीत रोकड, सोने-चांदी, दागिने आणि पुरावस्तू असतात. अनेकदा नाण्यांचाही स्पष्ट उल्लेख असतो. त्यामुळे ‘गिफ्ट आयटम’ किंवा ‘मेटल पार्ट’ लिहून नाणे पाठवण्याची पद्धत पडली आहे. पार्सल पोहोचेपर्यंत ही युक्ती वाटते. हरवल्यावर तीच पावती पाठवणाऱ्याच्या विरोधात पुरावा ठरते. वस्तूच खोटी सांगितली असेल तर कंपनी हात वर करते आणि विमा कंपनीही.

वस्तू खरी सांगितली, तरी भरपाई पूर्ण किमतीची असतेच असे नाही. २००७च्या रस्ता वाहतूक कायद्यात ‘सामान्य वाहक’ या व्याख्येत कुरिअर एजन्सीही येते. या कायद्याखालच्या २०११च्या नियमांनुसार वाहकाची जबाबदारी भाड्याच्या दहापट रकमेपर्यंत मर्यादित आहे आणि तीही जाहीर केलेल्या किमतीपेक्षा जास्त नाही. भाडे १५० रुपये असेल, तर कमाल दीड हजार. ही मर्यादा ओलांडायची असेल तर पाठवणाऱ्याने वाढीव जोखमीचा दर भरण्याची तयारी लेखी द्यावी लागते.

पावतीच्या मागच्या बारीक अक्षरातल्या अटी कोण वाचतो, हा युक्तिवाद न्यायालयात टिकेल का? सर्वोच्च न्यायालयाने याचे उत्तर १९९६ मध्येच दिले आहे. ‘भारती निटिंग कंपनी विरुद्ध डीएचएल’ या प्रकरणात जर्मनीला पाठवलेले पाकीट पोहोचले नाही, म्हणून कंपनीने सव्वाचार लाख रुपयांहून अधिक भरपाई मागितली होती. पावतीवर जबाबदारीची मर्यादा १०० डॉलर होती आणि पाठवणाऱ्याची सही होती. सही केलेली अट बांधील राहते, असे सांगत न्यायालयाने १०० डॉलरच मान्य केले. थोडक्यात, भरपाईचा आकडा पार्सल हरवल्यावर नव्हे, काउंटरवर सही करतानाच ठरलेला असतो.

मग विमा कुठे मिळतो?

घराची पॉलिसी आहे, त्यात नाणी आलीच, असे समजू नये. आगीच्या पारंपरिक पॉलिसीत नाणी, टपाल तिकिटे आणि रोख रक्कम स्पष्ट उल्लेखाशिवाय वगळलेली असतात. १ एप्रिल २०२१ पासून आलेल्या ‘भारत गृह रक्षा’ या प्रमाणित पॉलिसीतही, स्वतंत्र नोंद केल्याशिवाय नाणी धरलेली नाहीत. मौल्यवान वस्तूंसाठी ठरीव किमतीचे जोडसंरक्षण घेता येते, पण ते घरातल्या वस्तूंचे. नाणे उंबरठा ओलांडून पार्सलमध्ये गेले की प्रश्न प्रवासाच्या विम्याचा होतो.

त्याला विमा क्षेत्रात ‘मरीन’ म्हणतात. पार्सल नागपूरहून नाशिकला ट्रकने गेले तरी शब्द तोच! एका खेपेसाठी पॉलिसी घेता येते. नियमित विक्रेत्यांना वर्षभराची ‘ओपन’ पॉलिसी किंवा सराफांसाठीची ‘ज्वेलर्स ब्लॉक’ पॉलिसी सोयीची पडते. पॉलिसीच्या कागदावर मात्र तीन गोष्टी शब्दांत हव्यात. वस्तू म्हणून ‘संग्राह्य नाणी’ असा उल्लेख, कारण मौल्यवान वस्तूंचा अपवाद अनेक ठिकाणी असतो. वाहक कोण आणि सेवा कोणती, कारण ‘विमा उतरवलेले स्पीड पोस्ट’ लिहिलेल्या पॉलिसीवर साध्या कुरिअरने गेलेल्या पार्सलचा दावा अडतो. आणि किंमत.

किंमतीवर सर्वांत जास्त भांडणे होतात. रुपयाची दर्शनी किंमत एक रुपया, चांदीची किंमत त्या दिवशीच्या भावाने आणि संग्राहकाची किंमत लिलावात ठरलेली. सर्वेक्षकाने यांतली कोणती धरायची? १९६३च्या मरीन विमा कायद्यात ठरीव किमतीच्या पॉलिसीची तरतूद आहे. त्यात किंमत आधीच मान्य झालेली असते आणि लबाडी नसेल तर नंतर तिच्यावर वाद घालता येत नाही. संग्राहकाने हीच पॉलिसी मागावी. सोबत खरेदीची पावती, तशाच नाण्याच्या अलीकडच्या लिलावातील विक्रीची नोंद, खरेपणाचे प्रमाणपत्र आणि दोन्ही बाजूंची व कडेची स्पष्ट छायाचित्रे ठेवावीत. १९३९च्या रुपयाच्या बाबतीत तर खरेपणाचा कागद आधी लागतो, कारण साल खोडून केलेली बनावट नाणी बाजारात फिरतात. किंमत फुगवून लिहिण्यात फायदा नाही. प्रत्यक्ष मूल्यापेक्षा जास्त भरपाई पोस्टही देत नाही.

हे सगळे जमवूनही हप्ता आणि कटकट नको वाटली, तर रात्रीची एसटी पकडून नाणे स्वतः नेऊन देणारे संग्राहक कमी नाहीत. पाच-सात लाखांच्या एकाच नाण्यासाठी तो मार्ग वेडगळ म्हणता येणार नाही.

पॅकिंगमध्ये काय पाहावे?

दोन गोष्टी : आवाज आणि ओळख. हलवल्यावर खुळखुळणारे पार्सल आत काय आहे ते सांगून टाकते, शिवाय नाण्याची कडही घासते. नाणे आधी पीव्हीसी नसलेल्या पारदर्शक पाकिटात किंवा कॅप्सूलमध्ये, ते दोन पुठ्ठ्यांत चिकटवून, मग डबीत आणि डबी मोठ्या खोक्यात घट्ट. मऊ पीव्हीसीची पाकिटे स्वस्त पडतात, पण कालांतराने नाण्यावर हिरवट चिकट थर धरतो. खोक्यावर ‘नाणी’ किंवा विक्रेत्याच्या फर्मच्या नावातला ‘कॉइन्स’ हा शब्द नको. बाहेरच्या कागदावर गुपचूप, विम्याच्या अर्जात मात्र संपूर्ण खरे. खोके बंद करण्यापासून पावती हाती येईपर्यंत मोबाइलवर सलग चित्रण करावे. घेणाऱ्यानेही उघडताना तसेच करावे.

परदेशात पाठवता येते का?

न्यूजर्सीतल्या नातवाला आजोबांची शिवराई पाठवायची असेल, तर उत्तर सरळ ‘नाही’ असे आहे. १९७२च्या पुरावस्तू कायद्यानुसार किमान शंभर वर्षे जुने नाणे ही पुरावस्तू आहे आणि ती देशाबाहेर नेण्याची मुभा केंद्र सरकार किंवा त्याने नेमलेल्या संस्थेलाच आहे. तांब्याची शिवराई असो, सोन्याचा होन असो किंवा १९११चा ‘पिग रुपी’ असो. राजाच्या झग्यावरचा हत्ती डुकरासारखा दिसतो म्हणून परत घेतलेला तो रुपयाही केव्हाच शंभरी ओलांडून गेला आहे. शिक्षा किमान सहा महिने ते तीन वर्षे कैदेची. अमेरिकेतल्या प्रमाणीकरण संस्थेकडे ‘फक्त तपासून आणायला’ पाठवणे हीदेखील निर्यातच. बेकायदा खेपेला विम्याचे संरक्षणही मिळत नाही. ही मर्यादा दरवर्षी पुढे सरकते, त्यामुळे काल पाठवता येणारे नाणे आज बंदीत असू शकते. नाणे शंभरीच्या आतले असेल तर भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाकडून पुरावस्तू नसल्याचे प्रमाणपत्र घेऊन ठेवावे.

पार्सल आलेच नाही, तर?

पाकीट फाटलेले, मोहोर तुटलेली किंवा वजन कमी वाटले, तर सही करण्याआधी पोस्टात ‘ओपन डिलिव्हरी’ मागावी, म्हणजे पाकीट कर्मचाऱ्यांसमोर उघडून आतल्या वस्तूंची नोंद होते. एकदा निमूटपणे सही झाली की चोरी वाटेत झाली हे सिद्ध करणे अवघड होते. पार्सल पोहोचलेच नसेल तर वाहकाकडे लेखी तक्रार, पोलिसांत तक्रार आणि विमा कंपनीला सूचना ही तिन्ही कामे त्याच दिवशी करावीत. विमा कंपनीने वैयक्तिक पॉलिसीवरचा दावा फेटाळला तर वर्षभरात विमा लोकपालाकडे जाता येते. मुंबई आणि पुणे येथे त्यांची कार्यालये आहेत आणि ५० लाख रुपयांपर्यंतच्या तक्रारी ते ऐकतात, तेही शुल्काशिवाय. कुरिअर कंपनीवर दावा लावायचा असेल तर रस्ता वाहतूक कायद्यानुसार आधी लेखी नोटीस द्यावी लागते. तिची मुदत १८० दिवसांची आहे आणि ती मोजली जाते पार्सल हरवल्याचे कळल्यापासून नव्हे, तर बुकिंगच्या तारखेपासून.