रापणीवरचा छोटा कॅमेरा

मालवणच्या दांडी किनाऱ्यावर रापण, म्हणजे वाळूवर उभं राहून दोरांनी खेचायचं जाळं, ओढली जात असताना मोठा कॅमेरा गळ्यात अडकवलेला माणूस लांबूनच नजरेत येतो. "पेपरवालो काय रे?" हा प्रश्न ठरलेला, आणि तो उगाच विचारला जात नाही. पर्ससीन जाळ्यांवर राज्य सरकारने २०१६ मध्ये निर्बंध घातले, प्रखर दिव्यांच्या उजेडात होणाऱ्या मासेमारीवर केंद्राने २०१७ मध्ये बंदी आणली, तरी पारंपरिक मच्छीमारांचा झगडा संपलेला नाही. ज्यांचं पोट त्यात अडकलंय त्यांना आपला फोटो कुठे आणि कशासाठी छापला जाणार, हे आधी कळायला हवं असतं. माझ्या मुठीत मावणारा जुना कॅमेरा बघितला की ती चौकशी लवकर आटोपते. मग कोणीतरी दोराकडे बोट दाखवून म्हणतं, "हयसर उभो रव नको, दोर लागात." त्या जागेवरून बाजूला झालो की काम सुरू.

हा कॅमेरा कॅननचा पॉवरशॉट ए५९०, २००८ साली बाजारात आलेला. आठ मेगापिक्सेल, चारपट झूम, आणि कुठल्याही किराणा दुकानात मिळतील असे पेन्सिल सेल दोन. मी तो वापरलेलाच घेतला, अगदी कमी पैशांत. तेव्हा असे कॅमेरे घराघरांतून कपाटात पडून होते. जपानी कॅमेरा कंपन्यांच्या संघटनेच्या आकड्यांनुसार २०१० मध्ये जगभरच्या बाजारात बारा कोटींहून जास्त डिजिटल कॅमेरे गेले, त्यांतले बहुतेक असे खिशातले. २०२३ मध्ये सगळे प्रकार धरून हा आकडा ७७ लाखांच्या आसपास उरला. बाकीचं सगळं मोबाइलने घेतलं. मोबाइल माझ्याकडेही आहे. पण भर उन्हात त्याच्या काचेवर मला माझाच चेहरा दिसतो, आणि ओल्या बोटांना तो दाद देत नाही. ए५९०ला डोळा लावून बघायची छोटी खिडकी आहे. तिच्यातून चौकटीच्या कडा पूर्ण दिसत नाहीत, पण ऊन कितीही असो, माणसं दिसतात.

या कॅमेऱ्याची खरी ताकद त्याच्या लहानपणात आहे. आतला सेन्सर जेमतेम पावणेसहा मिलिमीटर रुंद. जुन्या फिल्मची चौकट छत्तीस मिलिमीटरची असायची. सेन्सर एवढा लहान असल्यामुळे पार्श्वभूमी धूसर करून चेहरा उठवणं त्याला जमत नाही. लग्नाच्या फोटोवाल्यांना हा दोष वाटेल. रापणीवर मात्र हाच गुण ठरतो. झूम न करता अडीच-तीन मीटरवर फोकस ठेवला, की पुढ्यातल्या माणसाच्या मुठीपासून समोरच्या सिंधुदुर्गाच्या तटापर्यंत सगळं स्पष्ट येतं. दोराला पडलेला पीळ, तो धरलेले हात, मागची रांग, पाण्यातलं जाळं आणि त्यापलीकडे १६६४ साली कुरटे बेटावर बांधायला घेतलेला किल्ला, हे सगळं एकाच चित्रात आणि सारख्याच धारेचं. रापण हे एकट्यादुकट्याचं काम नाही. एका चेहऱ्याला धारदार करून बाकीच्यांना धुक्यात ढकलणारा फोटो मला तिथे खोटा वाटतो.

होडी जाळं सोडत समुद्रात अर्धा फेरा घेते आणि किनाऱ्याला परत येते. दोन्ही टोकांचे दोर वाळूवर, दोन्हीकडे माणसांच्या रांगा. सुरुवातीला ओढ संथ असते. माणसं गप्पा मारत, मागे रेलत, पावलापावलाने दोर घेतात. शेवटचा माणूस दोराची गुंडाळी करतो आणि पुन्हा पाण्याकडे जाऊन पुढची जागा धरतो. नवखा फोटोवाला इथेच कंटाळतो. मला हा वेळ सगळ्यात मोलाचा वाटतो, कारण ओढीचा ताल इथेच कळतो आणि ताल कळल्याशिवाय हा कॅमेरा चालवता येत नाही. बटण दाबल्यापासून फोटो निघेपर्यंत तो वेळ खातो. म्हणून बटण अर्धं दाबून फोकस आधीच बांधून ठेवायचा आणि सगळ्यांचे खांदे मागे जाण्याच्या किंचित आधी ते पुरतं दाबायचं. खांदे मागे गेल्यावर दाबलं तर सैल पडलेला दोर मिळतो.

दोन्ही रांगा सरकत सरकत जवळ येतात, जाळं उथळ पाण्यात येतं आणि एकदम सगळं बदलतं. आवाज चढतात, पोरं पाण्यात धावतात, घारी खाली उतरतात, बायका पाट्या घेऊन पुढे होतात. या गर्दीत मी एक-दोन फोटो घेतो आणि बाजूला होतो. मासळी वाळूवर येते त्या क्षणी प्रत्येक हाताला काम असतं आणि मधे उभा असलेला माणूस अडचण असतो. त्यानंतर वाटे पडतात. कोणाच्या वाट्याला काय आलं हे चेहऱ्यांवरून वाचता येतं, आणि तो फोटो मी विचारल्याशिवाय काढत नाही.

उजेडाचं गणित या किनाऱ्यावर उलटं आहे. समुद्र पश्चिमेला, ओढणाऱ्यांची तोंडं समुद्राकडे. सकाळी सूर्य माडांच्या मागून येतो, म्हणजे किल्ल्याचा तट उजळतो आणि माणसांचे चेहरे सावलीत राहतात. अशा वेळी रांगेच्या बाजूला उभं राहावं, दंड आणि पाठीचे स्नायू उजेडात येतात. चेहरे हवेच असतील तर भर उन्हात फ्लॅश मारायचा. लोकांना गंमत वाटते, पण उपाय पक्का आहे. मोठ्या कॅमेऱ्याचा फ्लॅश साधारणपणे सेकंदाच्या दोनशेव्या भागापलीकडे शटरशी जुळत नाही. अशा खिशातल्या कॅमेऱ्याचं शटर भिंगातच असल्यामुळे त्याचा फ्लॅश त्याहून वेगातही जुळतो. फक्त माणूस दोन-तीन मीटरच्या आत हवा. संध्याकाळी मात्र काही करावं लागत नाही. पाण्याच्या कडेला समुद्राकडे पाठ करून उभं राहिलं, की मावळता सूर्य सगळे चेहरे उजळून देतो.

बांगड्याचं पांढरं पोट उन्हात एवढं चमकतं, की छोट्या सेन्सरवर तिथे नुसता कोरा डाग उमटतो. कोऱ्या डागातून नंतर काहीच परत मिळत नाही. म्हणून मासळीसाठी उजेड मुद्दाम एका पायरीने कमी ठेवायचा. रात्रभर चालणाऱ्या दशावतारी नाटकात याच्याच दुसऱ्या टोकाचा प्रश्न. संकासुर काळ्या वेशात रंगमंचावर आला की कॅमेरा घाबरून सगळं चित्र उजळ करायला बघतो, आणि मागचं पात्र पांढरंफटक होतं. संवेदनशीलता १६०० पर्यंत नेता येते खरी, पण चित्रावर वाळू उधळल्यासारखे दाणे येतात. मी ४०० च्या पुढे जात नाही. मांडवाच्या खांबाला खांदा टेकतो आणि थांबतो. गिरकी घेऊन, मृदंगाच्या थापेवर नट क्षणभर ताठ उभा राहतो, तेवढा क्षण सेकंदाच्या पंधराव्या भागाला पुरतो. त्यासाठी नाटक नीट बघावं लागतं, आणि मालवणीत रंगलेला धयकालो, म्हणजे हाच दशावतार, पहाटेपर्यंत बघण्यासारखाच असतो.

थांबून नीट बघायच्या याच सवयीने मी मालवणच्याच मोरयाच्या धोंड्याकडेही पाहायला शिकलो. किल्ल्याच्या बांधकामाआधी या खडकापाशी पूजा झाली असं मानतात. गणपती, चंद्र, सूर्य दगडात कोरलेले आहेत. दुपारी गेलात तर दगड सपाट दिसतो. दिवस कलला आणि ऊन तिरपं झालं की प्रत्येक रेषेला सावली पडते आणि कोरीवकाम वर येतं.

खारं वारं कोणाची गय करत नाही. वाळूचा एक कण भिंगाच्या नळीत गेला तरी ती अडकते, म्हणून किनाऱ्यावर भिंग बाहेर असताना कॅमेरा खाली ठेवायचा नाही. घरी आल्यावर गोड्या पाण्यात भिजवून घट्ट पिळलेल्या फडक्याने पुसायचा, मग कोरड्याने. जूनमध्ये सेल काढून, सिलिका जेलच्या पुड्यांसह घट्ट झाकणाच्या डब्यात. नाहीतर नारळीपौर्णिमेपर्यंत काचेवर बुरशीचे धागे दिसू लागतात.

फोटो छापून परत नेऊन देणं हा मी या छंदाचा अर्धा भाग मानतो. चार बाय सहाच्या प्रती बाजारातल्या स्टुडिओत काढतो आणि पुढच्या फेरीत ज्याच्या त्याला देतो. मोबाइलमध्ये शेकडो फोटो असलेली माणसंही कागदाची प्रत दोन्ही हातांनी घेतात, एकमेकांना दाखवतात, मागे कोण उभं आहे ते शोधतात. वारलेल्या माणसाचा रापणीवरचा एवढाच फोटो आहे, असं एका घरात सांगितलं गेलं, तेव्हापासून कार्डावरचं काहीही मी पुसत नाही. आठ मेगापिक्सेलमधून आठ बाय दहा इंचांची चांगली प्रत निघते, भिंतीवर लावायला ती पुरते.

गेल्या हंगामाच्या शेवटी एका वयस्क रापणकरांनी तशीच मोठी प्रत मागितली. "माझो एकट्याचो नको. होडयेवांगडा काढ." होडी तेव्हा माडाखाली झाकून ठेवलेली होती. ती पाण्यात उतरल्यावर नोव्हेंबरातल्या एका संध्याकाळी जायचं ठरलंय. तेव्हा सूर्य नैऋत्येकडे झुकून मावळतो, त्यामुळे होडीची डावी बाजू आणि त्यांचा चेहरा एकाच वेळी उजेडात कुठून मिळेल, ती जागा वाळूवर आधी जाऊन पाहून ठेवायची आहे.