भाग ९ : गाडीत जळका वास येतोय? आधी हे बघा

गाडी रस्त्यावर आहे, काचा बंद, एसी चालू, आणि अचानक काहीतरी जळल्याचा वास. अशा वेळी शेजारी बसलेला माणूस हमखास म्हणतो, "पुढच्या ट्रकचा असेल." असतोही कधी कधी. ट्रकला पुढे जाऊ द्या, काचा उघडून गाडीतली हवा बदला आणि परत लावा. वास गेला तर पाहुणा होता. पुन्हा आला तर घरचाच.

पण एका वासाच्या बाबतीत ही परीक्षासुद्धा घेत बसायचं नाही. प्लास्टिक किंवा वायर जळल्यासारखा, नाकात झोंबणारा वास. तो आला की इंडिकेटर देऊन कडेला घ्या, इंजिन बंद, चावी बंद, सगळे खाली, आणि रहदारीच्या उलट्या बाजूला. बॉनेटच्या फटीतून धूर येत असेल तर बॉनेट उघडू नका. आतल्या आगीला हवा कमी मिळत असते, ती तुम्ही पुरवाल. लांब उभे राहून ११२ ला फोन करा. सामान काढायला परत आत शिरू नका, बॅग पुन्हा घेता येते. धूर नसेल आणि वास ओसरला असेल तरच बॅटरीचं निगेटिव्ह टर्मिनल काढा आणि गाडी ओढून न्या.

हा वास बहुतेक वेळा बाहेरून बसवलेल्या वस्तूंमुळे येतो. साधं गणित बघा. कंपनीच्या हॅलोजन हेडलाइटचा बल्ब ६० वॅटचा, म्हणजे १२ व्होल्टला ५ अँपिअर. तुम्ही हौसेने १०० वॅटचा लावला की ८.३ अँपिअर. तारेतली उष्णता करंटच्या वर्गाने वाढते, म्हणजे त्याच वायरमध्ये जवळजवळ पावणेतीन पट. होल्डर वितळणार नाही तर काय होईल? आणि फ्यूज सारखा उडतो म्हणून १५ च्या जागी ३० चा बसवणारे महाभाग आहेतच. फ्यूज उडतो तो वायर जळू नये म्हणून. मोठा फ्यूज टाकला की उडण्याचं काम वायरला करावं लागतं. जास्त वॅटचे दिवे, हॉर्न, अॅम्प्लिफायर लावायचेच असतील तर रिले आणि जाड वायरचा वेगळा हार्नेस घ्या, वायर कापून जोड देऊ नका.

आता घाटातला वास. क्लच आणि ब्रेक, दोन्हींचा वास सारखाच, जळक्या पुठ्ठ्यासारखा, कारण दोन्हीकडे घर्षणाचं अस्तर तापतं. फरक नाकाने नाही, रस्त्याने कळतो. चढताना आला तर क्लच, उतरताना आला तर ब्रेक.

चढावर ट्रॅफिकमध्ये गाडी हाफ क्लचवर धरून ठेवली की प्लेट घासत राहते. हँडब्रेकवर उभी करा, १५-२० मिनिटं थंड होऊ द्या. नंतर सपाट, मोकळ्या रस्त्यावर चौथ्या गिअरमध्ये ५० च्या वेगाला अॅक्सिलरेटर दाबा. इंजिनचे फेरे वाढले आणि वेग तसाच राहिला, तर प्लेट गेली.

ब्रेकचं प्रकरण जास्त गंभीर. उटीहून मसिनगुडीकडे उतरणाऱ्या कल्हट्टी घाटात ३६ हेअरपिन वळणं आहेत. बाराशे किलोची गाडी हजार मीटर खाली आणताना जी ऊर्जा जिरवावी लागते, तिने ३५ लिटरहून जास्त गार पाणी उकळीला येईल. ही सगळी उष्णता तुम्ही ब्रेकवर टाकता की इंजिनवर, एवढाच प्रश्न. त्यात ब्रेक ऑइल हवेतली ओल ओढून घेतं. नवीन डॉट ४ ऑइल किमान २३० अंशांपर्यंत उकळत नाही, ओल धरली की ही मर्यादा १५५ पर्यंत येते. उकळलं की पाइपात बुडबुडे, आणि पेडल मऊ होऊन थेट तळाला. वास ही त्याआधीची सूचना. दुसऱ्या गिअरला या, सुरक्षित जागा बघून थांबा, अर्धा तास द्या. हँडब्रेक ओढण्यापेक्षा गाडी गिअरमध्ये ठेवून चाकाखाली दगड लावा. तापलेल्या डिस्कवर पाणी ओतू नका, ती वाकते किंवा तडकते. ब्रेक ऑइल दर दोन वर्षांनी बदला.

सपाट रस्त्यावर ब्रेकचा वास आला तर आधी हँडब्रेक बघा. तो सुटलेला असेल तर चारही चाकांजवळ हात न लावता उष्णतेचा अंदाज घ्या. एकच चाक भट्टीसारखं तापलेलं असेल तर त्याचा कॅलिपर अडकलाय. गॅरेजला पिना साफ करून ग्रीस लावायला सांगा. सगळा सेट बदलायची घाई नको.

सिग्नलला उभं असताना तेलकट वास आला तर इंजिन ऑइल सायलेन्सरच्या मॅनिफोल्डवर ठिबकतंय. बहुधा वरच्या कव्हरचं गॅस्केट गेलेलं असतं. गोडसर वास म्हणजे कूलंट. तापमानाचा काटा बघा, आणि इंजिन गरम असताना झाकण अजिबात उघडू नका. रबराचा वास आणि चीत्कार एकत्र आले तर बेल्ट. बीएस ६ डिझेल गाडीचा फिल्टर स्वतःला साफ करताना गरम वास येतो, तो बिघाड नाही. फक्त तेव्हा वाळक्या गवतावर गाडी उभी करू नका.

आणि खाली वाकून एकदा सायलेन्सर बघा. रस्त्यावरची प्लास्टिकची पिशवी तिथे चिकटलेली असते. गार झाल्यावर खरवडून काढा, खर्च शून्य.